हवापालटासाठी डोंबिवलीला

माणसं हवापालटासाठी महाबळेश्वरला जातात. आम्ही वाईकर त्याच घाटाच्या पायथ्याशी राहतो, तेव्हा आम्हाला हवा पालटायची तर उलट्या दिशेला जाणं आलं. माझ्या घरच्यांनी ही उलटी दिशा जरा जास्तच मनावर घेतली आणि मला डोंबिवलीला पाठवलं.

झालं असं, की शाळेतून निवृत्त झाल्यावर माझा रक्तदाब वाढला. उभी हयात मी मराठी शिकवलं. मुलांच्या वह्यांतले ऱ्हस्व-दीर्घ तपासताना डोळ्यांना एक सवय लागली, ती वह्या संपल्या तरी सुटली नाही. सुनेनं उलटा ठेवलेला डबा, ह्यांनी घातलेली धोतराची घडी, वाण्याच्या दुकानावरची ‘उधारि बंद’ ही पाटी, काहीही दिसलं की माझी कानशिलं तापायची. डॉक्टर म्हणाले, “बाई, थोडे दिवस घर सोडून कुठंतरी जा. आणि तिथं कशालाही हात लावू नका.” हे ऐकताना आमचे हे, मुलगा अजित आणि सून मेधा या तिघांच्या चेहऱ्यांवर काळजी होती. काळजीच्या मागं थोडा उजेडही होता, पण तेव्हा मी तिकडं नीट पाहिलं नाही.

माझी धाकटी बहीण कुंदा डोंबिवलीत राहते. तिनं फोनवर सांगितलं, “ये गं ताई, बिनधास्त ये. त्याच आठवड्यात आमच्या शुभाचा साखरपुडा आहे. तुला काही करायचं नाही, नुसतं बसायचं.”

नुसतं बसणं ही काय चीज असते हे मला ठाऊक नव्हतं. म्हणूनच हे लिहीत आहे. काश्मीर आणि युरोपबद्दल पुष्कळांनी लिहून ठेवलं आहे. डोंबिवलीला हवा खायला गेलेलं माणूस अजून माझ्या वाचनात आलेलं नाही.

शीळफाटा

पुण्याहून सुटलेली कल्याण गाडी शीळफाट्याला येऊन बंद पडली. हा एक मोठा तिठा आहे. एक रस्ता ठाण्याकडे जातो, एक कल्याणकडे आणि एक नव्या मुंबईकडे, आणि तिन्ही रस्त्यांवरचे ट्रक आपलाच रस्ता खरा असं समजून एकदम वळतात. भोवती बोडके डोंगर, त्यांच्या कुशीत खडी फोडण्याचे कारखाने, आणि सगळ्यावर पिठासारखी धूळ. फेब्रुवारी महिना असून ऊन असं, की आमच्याकडचा वैशाख बरा.

आमच्याकडे एस.टी. बंद पडली तर कंडक्टरला निदान चार शब्द ऐकवण्याची रीत आहे. इथं सगळे उतारू आपलं उतरायचं ठिकाण आल्यासारखे निमूट खाली उतरले. एकानं वडाच्या बुंध्याशी वर्तमानपत्र पसरलं आणि डबा उघडला. मग रीत पाळण्याची जबाबदारी माझ्यावर आली. मी कंडक्टरला वक्तशीरपणावर चांगलं सविस्तर सुनावलं. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं. “मावशी,” तो म्हणाला, “गाडीला राग येत नाय आणि मला पण नाय. तुम्हालाच चक्कर येईल. ही बॅग सावलीत ठेवा.”

पुढं रिक्षा केली. तिला मीटर होतं, पण ते घरात शोकेस असावी तसं. मानपाड्याच्या जवळ आलो तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, बहिणीच्या भेटीची ओढ. रिक्षावाला म्हणाला, “केमिकल कंपन्या आहेत आजी, उजव्या हाताला. डोळे चोळू नका, आणखी झोंबतं.”

माझा हवापालट सुरू झाला होता.

मानपाडा रोड, डोंबिवली पूर्व

कुंदाचा ब्लॉक तिसऱ्या मजल्यावर आहे. दाराची बेल दाबली तर वाजत नाही. ती सोडली की वाजते. दार उघडताना आतल्या माणसानं ते थोडं वर उचलायचं असतं आणि बाहेरच्यानं पायानं खालून ढकलायचं. असं दोन्ही बाजूंनी एकमत झाल्यावरच पाहुणा घरात येतो.

“पावसाळ्यात फुगलं गं ते,” कुंदा मला मिठी मारत म्हणाली.

“कुठल्या?”

“झाली असतील तीनचार वर्षं. असू दे. तू ये आत.”

हे ‘असू दे’ म्हणजे त्या घराचं कुलदैवत आहे. भिंतीवरचं घड्याळ मागं पडतं. किती ते सगळ्यांना पाठ आहे, म्हणून कोणी ते पुढं करत नाही. न्हाणीघरातला नळ बंद होत नाही. त्याला फडकं बांधलेलं असतं, आणि फडक्यातून गळणारं पाणी बादलीत पडतं, म्हणजे वाया जात नाही, असा युक्तिवाद. पंखा एकतर थांबतो नाहीतर विमानासारखा फिरतो; अधलेमधले आकडे नुसते छापलेले. पाणी कधी येईल हे नगरपालिकेलाही माहीत नसावं, म्हणून स्वयंपाकघरात, गॅलरीत आणि पलंगाखाली पिंपं आणि कळशा. आणि हवा? कुंदाचे यजमान शशिकांतराव सकाळी गॅलरीत उभे राहून दीर्घ श्वास घेतात आणि जाहीर करतात, “आज वास साबणाचा आहे. वारा खाडीकडचा दिसतोय.” ज्या दिवशी सडक्या अंड्याचा असतो, त्या दिवशी ते एवढंच म्हणतात, “आज जरा हे आहे.”

शशिकांतराव कल्याणच्या एका कचेरीत हिशेबनीस आहेत. बी. कॉम. झालेला, अंगानं भरलेला, जगाबद्दल कसलीही तक्रार नसलेला माणूस. मी त्यांना विचारलं, “हे घड्याळ दुरुस्त का करत नाही?”

ते खरोखर विचारात पडले. “काही कारण नाही हो, ताई.”

मला वाटलं होतं, निदान एखादं कारण तरी असेल. दुसऱ्या दिवशी सगळे कामावर गेल्यावर मी डॉक्टरांची क्षमा मागितली आणि स्वयंपाकघर लावायला घेतलं. डबे उंचीप्रमाणे, डाळी अकारविल्हे. संध्याकाळी कुंदा आली, “अय्या, किती छान!” म्हणाली, आणि जेवण होईपर्यंत सगळं होतं तसं झालं. कुणी मुद्दाम केलं नाही. भरतीचं पाणी वाळूवरच्या रेघा पुसतं, तसं आपोआप.

शुभा माझी एकुलती एक भाची. मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात ती टायपिस्ट आहे आणि तिथल्याच इलेक्ट्रिशियन मुलाशी तिचं जमलं. मुलाचं नाव भरत. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला, वडील नाहीत, आई मासळी विकते. आमच्या वाईच्या घरात हे ऐकून दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नसतं. कुंदाच्या घरात याही गोष्टीला तेच दोन शब्द लागू पडले होते. फक्त या वेळी शुभा मधे म्हणाली, “असू दे काय, आई! तो चांगला आहे म्हणून करतेय मी.” पोरगी शहाणी आहे. वाक्य बरोबर तपासून घेतलं तिनं.

ठाणे, चेंदणी

साखरपुड्याआधी दोन्ही घरांनी एकदा निवांत बसावं असं ठरलं, म्हणून रविवारच्या आधीच्या मंगळवारी आम्ही ठाण्याला गेलो. स्टेशनची गर्दी मागं टाकून चार गल्ल्या ओलांडल्या की एकदम गाव लागतं. दारापुढं वाळत घातलेली जाळी, ओट्यावर गप्पा मारणाऱ्या बायका, मधूनच एखादी चारमजली इमारत, आणि गल्लीच्या टोकाशी खाडी. आमची कृष्णा घाटाच्या पायऱ्यांशी सभ्यपणे वाहते. ही खाडी ओहोटीला असली की नुसता चिखल मागं ठेवून निघून जाते आणि त्याबद्दल तिला काही वाटत नाही.

भरतची आई हिराबाई म्हणजे उंच, खणखणीत आवाजाची बाई. अंबाड्यात अबोलीची वेणी, गळ्यात ठसठशीत सोनं. मला तिनं हाताला धरून आत नेलं. “ये गो बाय, बस. तू मासली खात नाय, शुभीनं सांगितलाय मना. तुजेसाठी सगला येगला रांधलाय.” आणि खरंच रांधलं होतं. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातली केळी. भाकरी इतकी पातळ आणि गोल, की मी चूक शोधून दमले. पातेलंसुद्धा नवीन आणलं होतं, त्यावरची दुकानाची चिठ्ठी अजून निघाली नव्हती.

सगळं इतकं छान चाललं होतं, की मला अस्वस्थ वाटायला लागलं असावं.

जेवणानंतर हिराबाई म्हणाली, “चला, आमची होरी बगाला.” खाडीच्या काठावर होडी ओढून ठेवलेली होती. शिमगा जवळ आला की इथं होड्या रंगवतात. हिलाही निळा रंग नुकताच दिलेला. हिराबाईचा थोरला मुलगा ही होडी घेऊन मासे धरायला जातो. पुढच्या टोकाला, नाळेजवळ, पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं होतं: ‘पांडूरंग क्रुपा’. हिराबाई त्या नावाच्या शेजारी उभी राहिली आणि माझ्याकडं पाहत राहिली. आपण नवं लुगडं नेसून उभं राहावं आणि कुणी काही म्हणतंय का याची वाट पाहावी, तशी.

मी म्हटलं. “अरेरे! एका नावात तीन चुका! ‘डु’ ऱ्हस्व पाहिजे. ‘कृपा’ला ऋकार. आणि सामासिक शब्द आहे, जोडून लिहायला हवा. कुणी लिहिलंय हे? पेंटरला पैसे देऊ नका.”

कुंदानं माझा दंड असा दाबला की वळ उठला. भरत होडीकडं बघत म्हणाला, “आईने लिहिलंय, मावशी. साक्षरता वर्गाला जायची ती. लिहायला आल्यावर पहिलं हेच लिहिलेलं.”

पांडुरंग हे भरतच्या वडलांचं नाव होतं. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, असं मी नंतर दोनचार दिवस स्वतःला बजावत होते.

हिराबाई नावावर पडलेलं वाळकं पान झटकून म्हणाली, “चुकलाय काय? बरा.” मग आम्हाला निरोप देईपर्यंत तिचा खणखणीत आवाज परत ऐकू आला नाही.

पुन्हा मानपाडा रोड

गुरुवारी शुभा कामावरून आली ती थेट आतल्या खोलीत गेली आणि उशीत तोंड खुपसून रडायला लागली. भरतनं तिला सांगितलं होतं: आईनं होडीवरचं नाव खरवडून काढलं, आणि ती साखरपुड्याला येणार नाही म्हणते. रुसवाफुगवा काही नाही. नुसतं म्हणते, शिकल्यासवरल्या लोकांत मी येऊन काय करू, तुम्ही पोरं जा. आणि आईशिवाय साखरपुडा करायला भरत तयार नव्हता.

मी स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाले, “मी काय खोटं बोलले का? चूक ती चूक.”

कुंदा पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं. साऱ्या जन्मात मी तिचा चढलेला आवाज ऐकला नव्हता, आणि आताही तो चढला नाही, हेच वाईट.

“ताई, तुला इथं का पाठवलं माहितेय?”

“रक्तदाब आहे म्हणून.”

“मेधानं बॅग भरलेली. माहेरी चाललेली ती. अजितनं वेगळी जागासुद्धा बघून ठेवलेली. भावजींनी मला फोन केला, म्हणाले, कुंदा, हिला महिनाभर ठेवून घे, तोपर्यंत मी पोरांना समजावतो.” तिनं लाटणं परत हातात घेतलं. “हवा तुला नको होती, ताई. त्यांना हवी होती.”

पोळी लाटता लाटता ती वेडीवाकडी झाली. तिनं ती तशीच तव्यावर टाकली.

मी गॅलरीत जाऊन बसले. त्या दिवशी वास सडक्या अंड्याचा होता. थोड्या वेळानं शशिकांतराव चहा घेऊन आले. आता हेही काही सुनावणार म्हणून मी तयार होते. ते म्हणाले, “साखर जास्त झालीय. चालेल?”

चालेल म्हटलं. खरं तर तो चहा नव्हता, पाक होता. सगळा प्यायले.

ठाण्याचा मासळीबाजार

शुक्रवारी सकाळी मी शशिकांतरावांना म्हटलं, मला ठाण्याला घेऊन चला. त्यांनी रजा टाकली. कारण विचारलं नाही.

हिराबाई घरी नव्हती, बाजारात होती. ज्या बाईनं आयुष्यात मासळीचं दुकान दिसलं तर रस्ता बदलला, ती मी, साडी घोट्याच्या वर धरून त्या ओल्या फरशीवर उतरले. दोन्ही बाजूंना पाट मांडून बायका बसलेल्या. कोलंबीचे ढीग, चंदेरी बोईट, आणि एक मिशीवाला मासा, जो मेल्यावरसुद्धा माझ्याकडं संशयानं बघत होता. हिराबाई कोपऱ्यात होती. मला पाहिलं तरी तिचा कोयता थांबला नाही.

मी मनाशी भाषण तयार केलं होतं. प्रस्तावना, मुद्दे, समारोप. “हिराबाई,” मी सुरुवात केली, “परवा माझ्याकडून—”

“मासली घ्याची हाय?”

“नाही, मी—”

“मंग बाजूला रहा गो बाय. गिऱ्हाईक खोलंबतंय.”

मागं खरंच एक बाई पिशवी घेऊन उभी होती. आता काय करणार? मी म्हटलं, “घ्यायची आहे.”

हिराबाईनं पहिल्यांदा नीट वर पाहिलं. “तू?”

“हो.”

“कंची?”

मला एकाही माशाचं नाव खात्रीनं येत नव्हतं. मिशीवाल्याकडं बोट दाखवायचं धाडस होईना, म्हणून शेजारच्याकडं दाखवलं. “हा.”

“ह्याचा काय करशील? चावंल तो तुना.” शेजारच्या बायका हसायला लागल्या. मला घाम फुटला होता, नाकात वास भरला होता, आणि भाषणातला एक मुद्दा आठवत नव्हता. मी एवढंच म्हणाले, “माझं चुकलं. मला दुसऱ्याचं चांगलं दिसायच्या आधी चूक दिसते. घरातसुद्धा. माझी सून त्यापायी घर सोडून निघाली होती, कालच कळलं मला. तुम्ही रविवारी या. शुभाकरता या.”

हिराबाईनं कोयता पाण्यात बुचकळला. त्या पिशवीवाल्या बाईला कोलंबी दिली. मग म्हणाली, “माजी पन सून माज्या तोंडाला कटालते गो. पन ती उलटून बोलते, त्यानं बरा परतं.” दुसरा मासा पाटावर घेत म्हणाली, “मी येन. पन त्या नावाचा काय? होरी बिननावाची हाय माजी. शिमग्याला लोकं इचारतील. तू लिवून दे. तुना येतंय ना बरोबर?”

“मी लिहीन,” मी म्हटलं.

“बेस. आनि ही बोईट ने. पैसं नुको. तुज्या भयनीला दे, ती रांधंल.”

मासे शशिकांतरावांनी धरले. घरी जाईपर्यंत दोनदा ते म्हणाले, “ताजे आहेत हो.”

रविवार

साखरपुडा इमारतीच्या गच्चीवर होता. मांडववाला आंबिवलीचा. त्यानं मांडव पाठवला आणि बांबू विसरला, मग पाण्याच्या टाकीला आणि टीव्हीच्या ॲन्टेनांना दोऱ्या बांधून कापड ताणलं. गुरुजींना दुसरीकडं मुंज होती, ते उशिरा आले आणि दोन मंत्र मुंजीचे म्हणून गेले. मी ओळखले, बाकी कुणाला पत्ता नाही. अंगठी शुभाच्या बोटात ढिली झाली, तिला आतून दोरा गुंडाळला. फोटोग्राफरनं नेमकं त्याच वेळी रीळ बदललं. आणि भजी तळायला घेतली तेव्हा वीज गेली, म्हणजे ज्या रोषणाईवर शशिकांतराव आदल्या दिवसापासून खपत होते ती कुणी पाहिलीच नाही.

आमच्या घरच्या कार्यात यातली एक गोष्ट घडली असती, तर मी ती वर्षभर पुरवली असती. इथं माणसं हातपंख्यानं वारा घेत हसत होती.

हिराबाई आली ती चेंदणीच्या अर्ध्या आळीला घेऊन. हिरवं लुगडं, आणि सोनं इतकं की वीज नसल्याचं जाणवलं नाही. सगळ्यांच्या ओट्या भरून झाल्यावर ती मागच्या पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यावर थर्माकोलची अक्षरं कापून लावली होती: ‘शुभा व भरत यांचा साखरपूडा’. ती एकेक अक्षरावर नजर ठेवत, ओठ हलवत वाचत गेली. मी सकाळपासून त्या पडद्याकडं पाठ करून बसले होते.

“मास्तरीणबाय,” तिनं गच्चीभर ऐकू जाईल अशी हाक मारली. “हिकरं ये. ह्यो बरोबर हाय का?”

कुंदा ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. शुभा माझ्याकडं बघत होती.

बरोबर आहे म्हणावं, असं एकदा मनात आलं. पण ती मला खरं विचारत होती, आणि खोटं बोलले असते तर तिला तेही कळलं असतं.

“चुकलंय,” मी म्हटलं. “पु ऱ्हस्व हवा होता. त्यांनी दीर्घ काढलाय.”

“कुनी?”

“आमच्या शशिकांतरावांनी.”

“त्यांची शाला किती झाली?”

“बी. कॉम. आहेत.”

हिराबाईचा चेहरा हळूहळू उजळला. “मंजे कॉलेजला जाऊनशी पन चुकतंय!” ती आपल्या आळीकडं वळली. “आयकला का गो? कॉलेजवाला पन चुकला!” आणि ती जी हसत सुटली, तिच्या मागून तिच्या बायका, मग कुंदा, शेवटी खुद्द शशिकांतराव, “चुकलं का? असू दे,” म्हणत हसायला लागले. भरतनं शुभाकडं बघून खांदे खाली सोडले. मला वाटतं साखरपुडा झाला तो त्या वेळी. अंगठी हा नुसता उपचार.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या बूथवरून मी वाईला फोन लावला. मेधानं उचलला.

“आई, बऱ्या आहात ना? कधी येताय?”

“आणखी आठ-दहा दिवस राहीन म्हणते. चालेल?”

“हो?” ती पटकन म्हणाली, आणि मग घाईघाईनं, “म्हणजे, तुम्हाला बरं वाटत असेल तर राहा ना.” आनंद लपवायला तिला नीट जमलं नाही. मीही तिला मदत केली नाही. नुसतं विचारलं, “तू कशी आहेस?” हा प्रश्न लग्न झाल्यापासून मी तिला पहिल्यांदाच विचारत असेन. मग तिनं सांगायला सुरुवात केली, आणि बूथवाला आकड्यांकडं बोट दाखवेपर्यंत ती बोलत होती.

खाडी

नाव लिहायला मी मंगळवारी दुपारी गेले. एक सांगायला हवं: माझं अक्षर वाईत प्रसिद्ध आहे. शाळेचे सगळे फळे मी लिहायची. लोक सुविचार वाचायला नाही, अक्षर बघायला थांबायचे. त्यामुळे मी निघाले ती आत्मविश्वासानं.

फळा सपाट असतो आणि तो कोरडा असतो, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. होडीची फळी बाहेरच्या बाजूला फुगलेली आणि वर निमुळती होत गेलेली. पायाखाली चिखल, त्यात मी एका जागी उभी राहिले की हळूहळू खाली जायची. त्यामुळे ‘पां’ खांद्याच्या उंचीवर लिहिला आणि ‘रं’पर्यंत येईतो तो माझ्या कपाळाच्या उंचीवर गेला. ब्रश आमच्या खडूसारखा ऐकत नाही. ‘डु’च्या उकारातून पांढरा रंग ओघळला. आणि ‘कृ’ला पोचले तेव्हा कळलं, की जागाच उरलेली नाही, ‘पा’ नाळेच्या टोकाशी असा चेपून बसवावा लागला, की तो बिचारा बसच्या दाराला लटकल्यासारखा दिसत होता. शब्द जोडून मात्र झाला. दुसरा इलाजच नव्हता.

मागं सरकून पाहिलं. पहिलीतल्या पोरानं बरं लिहिलं असतं.

“रॉकेल आणि फडकं द्या,” मी म्हटलं. “सगळं पुसून परत लिहिते.”

“पानी येतंय,” हिराबाईचा थोरला मुलगा होडीतून म्हणाला. “भरती लागली. मना जावाचा हाय.”

“दहा मिनिटं थांब रे बाबा. हे असं कसं ठेवायचं?”

खाडीचं पाणी तोवर माझ्या घोट्यापर्यंत आलेलं होतं. हिराबाई जवळ आली. तिनं ओल्या रंगाला न लावता बोट एकेका अक्षरावरून नेलं आणि मोठ्यानं वाचलं. “पां... डु... रं... ग...” तिथं ती थोडी थांबली. मग पुढं, “कृ... पा.”

“बरोबर हाय ना आता?” तिनं विचारलं.

“शुद्धलेखन बरोबर आहे. पण हिराबाई, अक्षर बघा ना. किती वाकडं आलंय!”

“व्हय,” ती म्हणाली. पदरानं तोंड झाकलं, पण हसू आवरेना. “माज्यापरीस वाकरा लिवलास गो तू!”

तिचा मुलगा हसला, काठावरची पोरं हसली. माझी कानशिलं तापतील म्हणून मी वाट पाहत राहिले. तापली नाहीत. गुडघाभर चिखलात उभं राहून, एका हातात ब्रश आणि दुसऱ्यात साडीचा घोळ धरून मी हसत होते, आणि हसताना तोल गेला तेव्हा हिराबाईनं मला दंडाला धरलं.

होडी हलली. मुलानं वल्हं मारलं आणि ती ओल्या नावासकट आत गेली. मी वाचता येईल तोवर वाचत होते. ती कळव्याच्या पुलाकडं वळल्यावर नुसता पांढरा पट्टा दिसायला लागला.

“सुकंल का गं ते?” मी विचारलं. हिराबाईला मी पहिल्यांदाच ‘गं’ म्हटलं होतं.

“सुकला तं सुकला,” ती म्हणाली. “चल, पाय धू. चाय ठेवतंय.”